सायरनचं हँडल कुणी पळवलं?

१

सकाळी दहाच्या ठोक्याला मरुधर अपार्टमेंटच्या गच्चीवर सायरन वाजायला हवा होता. त्याऐवजी गुलाबराव वाजले.

"चोरी! चोरी झालीय! एकानंबी बिल्डिंगच्या बाहेर पाऊल टाकायचं न्हाय!"

गुलाबराव म्हणजे रिटायर सुभेदार. गाव सातारा जिल्ह्यातलं, पण आवाज सगळ्या राजस्थानला पुरून उरेल असा. तिसऱ्या मजल्यावर प्रणालीच्या हातातली पोळी ताटात पडली आणि ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढत गच्चीवर पोचली. गेल्या वर्षीपर्यंत हीच प्रणाली वर्गात हात वर करायचा तरी दहादा विचार करायची. पण अकरावीत आल्यावर शाळेच्या वादविवादात ती हिंदीतून अशी काही बोलली की समोरची टीम पाणी प्यायला उठली ती परत आलीच नाही. तेव्हापासून तिला वाटायचं, जगात असं एकही कोडं नाही जे आपण सोडवू शकत नाही. फक्त कोडं काही मिळत नव्हतं. आज मिळालं.

दिवसही तसेच होते. सीमेवर जुंपली होती. जयपूरच्या वैशाली नगरातून छावणी जवळ, म्हणून या बिल्डिंगीत निम्मी बिऱ्हाडं फौजेतल्या माणसांची, आणि त्यातले बरेच बाप रातोरात कुठे कुठे निघून गेलेले. प्रणालीचे बाबाही. इकडे मागे राहिलेल्या माणसांना काय करावं ते कळेना, म्हणून जो तो काहीतरी करत होता. मिठाईवाल्यांनी म्हैसूरपाकातला 'पाक' काढून तिथे 'श्री' बसवला. आयांनी खिडक्यांना चादरी लावल्या. आणि गुलाबरावांनी एका बंद पडलेल्या गिरणीतला हातानं फिरवायचा सायरन मिळवून, घासूनपुसून, त्याला लालभडक रंग दिला. रोज दहाला त्याची चाचणी व्हायची. आज संध्याकाळी तर सगळ्या शहरात ब्लॅकआउटची ड्रिल होती, आणि मरुधरचा सायरन सगळ्यात आधी वाजला पाहिजे अशी गुलाबरावांची जिद्द.

"बघ पोरी, बघ!" गुलाबराव जिन्याच्या खोलीकडे बोट दाखवत म्हणाले.

जिना गच्चीवर उघडतो तिथली ती छोटी खोली. आत मिट्ट काळोख. झरोक्याला गुलाबरावांनीच काळा कागद डकवला होता, बल्बही काढून नेला होता. प्रणालीनं मोबाईलचा टॉर्च लावला. सायरन आपल्या स्टँडवर उभा होता, पण बाजूचा दांडा उघडाबोडका. फिरवायचं हँडल नाही.

"रोज काढून या खिळ्याला अडकवतो मी. नायतर पोरं फिरवत बसत्यात."

भिंतीवर खिळा होता. खिळ्यावर काही नव्हतं.

एव्हाना सगळी बिल्डिंग वर जमली होती. चौथ्या मजल्यावरच्या मोनाली वहिनी बाळाला खांद्यावर टाकून पुढे झाल्या. गच्चीवर जायचा जिना त्यांच्या दारावरूनच जातो, त्यामुळे गच्चीवर गेलेलं चिटपाखरूही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

"मी पाहिलंय," त्या हळूच म्हणाल्या. "नऊच्या सुमाराला ती खाली उतरली. ओढणीत काहीतरी गुंडाळून."

"ती म्हणजे कोण?" प्रणालीनं विचारलं.

कुणीच नाव घेतलं नाही. पण सगळ्यांनी एकाच वेळी जिन्याखाली पाहिलं.

२

तिसऱ्या मजल्यावर, प्रणालीच्या समोरच्या दारात, रत्नप्रभा काकू राहायच्या. भुसावळच्या. यजमान रेल्वेत होते, बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर काकूंनी एक खोली भाड्यानं दिली, आणि त्या खोलीत राहायची इन्शा. काश्मीरची, सीमेजवळच्या एका गावची, इथे फार्मसी शिकायला आलेली. दोन वर्षांत ती काकूंच्या हातची शेवभाजी खाऊन डोळ्यांतून पाणी काढायला आणि काकूंसारखंच "अगं बाई!" म्हणायला शिकली होती.

दार वाजलं तेव्हा ती वाचत होती. जाडजूड पुस्तक हातात तसंच घेऊन बाहेर आली.

"सुबह छत पर क्या कर रही थी?" गुलाबरावांनी फौजी हिंदीत तोफ डागली.

"फोन."

"आणि ओढणीत काय व्हतं?"

"तोच फोन. और पावर बँक."

"दाखव. खोली पण दाखव."

इन्शानं पुस्तक मिटलं. "दाखवते ना, अंकल. पण आधी सगळ्यांच्या खोल्या बघा. पहिली तुमची."

जिन्यात कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं. गुलाबरावांचे कान लाल झाले. "आमच्या खोल्यांत काय बघायचंय? आमची पोरं तिकडं छातीचा कोट करून उभी हायेत. तू सांग, सक्काळी सक्काळी फोन कुणाला लावत होतीस? या बाजूला का त्या बाजूला?"

मग मात्र कुणी हसलं नाही.

"अहो सुभेदार," काकू म्हणाल्या, "पोरगी आहे ती."

"तुम्ही घेता का तिची हमी? लिहून नगं. सगळ्यांसमोर नुसतं म्हणा."

काकूंनी तोंड उघडलं. समोर अख्खी बिल्डिंग उभी होती, रोज दूध-साखर मागायला येणारी, हळदीकुंकवाला बोलावणारी. काकूंनी तोंड मिटलं.

इन्शानं ते पाहिलं. गुलाबरावांच्या तोफेनं जे झालं नव्हतं ते त्या मिटलेल्या तोंडानं झालं. "राहू दे, काकू," ती म्हणाली. "मी जाते. शाम तक."

"ड्रिलच्या आत," गुलाबराव म्हणाले.

जायचं कुठे, हे कुणीच विचारलं नाही. तिच्या गावाकडच्या गाड्या बंद होत्या. गेल्या आठवड्यात इन्शाच्या एका मैत्रिणीसाठी प्रणालीनंच गोपालपुऱ्यातल्या हॉस्टेलांना फोन केले होते, तेव्हा 'लडकी कहाँ की है?' याचं उत्तर ऐकलं की खोल्या अचानक भरून जात होत्या.

"थांबा!" प्रणालीचा आवाज तिच्या स्वतःच्याच अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "चोर कोण ते ठरलेलं नाही अजून. मतलब, पुरावा कुठाय? हँडल मी शोधते. ड्रिलच्या आत शोधते. सापडलं तर इन्शादीदी इथंच राहणार."

"आणि न्हाय सापडलं तर?"

"तर रोज दहा वाजता सायरनऐवजी मी ओरडेन!"

आता मात्र सगळेच हसले. पण हसू ओसरलं तसा इन्शाच्या खोलीतून आवाज आला, कपाटावरची बॅग खाली ओढल्याचा.

३

पहिला संशयित कौस्तुभ. दुसऱ्या मजल्यावरचा, डॉक्टर व्हायची परीक्षा दुसऱ्यांदा देणारा. सायरनवर त्याचा राग जगजाहीर होता. मागच्या आठवड्यात तो भर जिन्यात म्हणाला होता, "एक दिवस मी तो भोंगा चंबळेत फेकून देईन."

"फेकलास का?" प्रणालीनं थेट विचारलं.

"मी फेकला असता तर अख्खा फेकला असता. नुसतं हँडल काय फेकायचं? लोणचं घालायला?" कौस्तुभनं डोक्याला हात लावला. "ऐक, डिटेक्टिव्ह बाई. पहाटे डोक्यावर तुमच्या शेवया. धडधड, धडधड. त्या संपल्या तर माकडांचा धिंगाणा. ती गेली तर सुभेदार. या बिल्डिंगमध्ये माणसानं बायोलॉजी वाचायची कधी? मी तर कानात कापूस घालून बाथरूममध्ये बसलो होतो. विचार माझ्या आईला."

त्याच्या आईनं आतूनच ओरडून सांगितलं, "आंघोळ न करता बसला होता!"

प्रणालीनं मनातल्या मनात त्याचं नाव खोडलं. इतकी लाजिरवाणी साक्ष कुणी खोटी देत नाही.

दुसऱ्या संशयित मोनाली वहिनी. प्रणाली गेली तेव्हा त्या बाळाला पायावर घेऊन झोपवत होत्या.

"मी तर देवाला म्हणायचे, मेला तो सायरन बिघडू दे," त्या बोलून गेल्या आणि जीभ चावली. "अगं, बाळ दचकतं ना. झोपेतून असं हात पसरून दचकतं की माझाच जीव जातो. पण त्याला टाकून मी गच्चीवर जाणार कधी?"

"तुम्ही इन्शादीदीला पाहिलंत. नीट आठवून सांगा, काय काय पाहिलंत?"

"ओढणी अशी छातीशी धरलेली. आणि डोळे लाल होते तिचे. रडलेले."

"हे मघाशी का नाही सांगितलंत?"

मोनाली वहिनींनी बाळाचं टोपरं सारखं केलं. "मघाशी डोळ्यांचं कुणी विचारलं?"

तिथून प्रणाली घरी आली. तिची आई मालन आणि रत्नप्रभा काकू दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. जयपुरातल्या ओळखीच्या मराठी बायकांमध्ये दर मे महिन्यात एक सोहळा असायचा. प्रणालीच्या आजीचं शेवयांचं मशीन, जडशीळ, हँडल फिरवून चालवायचं, घरोघर फिरायचं. आज वैशाली नगर, उद्या प्रताप नगर, परवा आणखी कुठे. पालखीला नसेल इतका मान त्या मशीनला. ऊन चढायच्या आत गच्चीवर काम उरकायचं, काठ्यांवर शेवया वाळत टाकायच्या आणि मशीन पुढच्या घरी धाडायचं. या वर्षी मालननं दुप्पट शेवया केल्या होत्या. "तुझ्या बाबांना पार्सल पाठवायचंय," ती म्हणाली होती. पत्ता माहीत नसताना.

"आई, सकाळी गच्चीवर काय काय झालं? पहिल्यापासून सांग."

"काय व्हायचंय? मी फिरवत होते, काकू शेवया काठीवर घेत होत्या. झाल्यावर मी मशीन धुतलं आन् त्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. तेवढ्यात खाली सतीशभाऊंच्या स्कूटरचा हॉर्न. मशीन न्यायला आले होते ना, प्रताप नगरला, त्यांच्या अमिताकडे. मी त्यांना चहा द्यायला खाली पळाले."

"मग मी गेले वर," काकू म्हणाल्या. "सगळं डब्यात भरलं, हँडल घातलं, सुतळीनं आवळून बांधलं आणि दिलं त्यांच्या हाती."

"आणि सायरनचं हँडल तेव्हा होतं का खिळ्यावर?"

"त्या काळोखात मला माझा हात दिसेना. सायरन कुठला दिसतोय?"

प्रणाली उठली. काकू मात्र उठल्या नाहीत. त्यांच्या समोरचा चहा गार झाला होता.

"मालन," त्या म्हणाल्या, "आम्ही नवीन आलो ना इथे, तेव्हा खोली बघायला जायचो. घर आवडायचं, मालकीण हसून बोलायची. मग आडनाव विचारायची. ते ऐकलं की तिला आठवायचं, खोली आपल्या भाच्याला कबूल केलीय. इतके भाचे या शहरात! घरी येऊन मी बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसायचे आणि ह्यांना म्हणायचे, आपली खोली होईल तेव्हा मी कुणाला परत नाही पाठवणार." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आणि आज मी नुसतं 'हो' म्हणायला घाबरले."

मालननं चहा परत गरम करायला ठेवला.

प्रणालीला वाटलं होतं, डिटेक्टिव्ह होणं म्हणजे लई मजा. आता तसं वाटेना. तीन संशयितांपैकी दोन गळाले होते. उरली होती एकच, आणि तिची गच्चीवर जाणारी पावलं या क्षणी जिन्यात वाजत होती.

४

गच्ची तव्यासारखी तापली होती. शेवया वाळून कडक झाल्या होत्या आणि वारा आला की एकमेकींवर आपटून बारीक वाजत होत्या. इन्शा पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती, फोन वर धरून.

"या कोपऱ्यातच रेंज येते," ती म्हणाली. "तुला माहितीये."

प्रणालीला माहीत होतं. तीही रोज तिथेच उभी राहून बाबांना फोन लावायची. ती शेजारी जाऊन बसली.

"कुणाला लावतेस?"

"अम्मीला. गावात गोळे पडायला लागले तेव्हा सगळे मामूच्या घरी निघाले. पोचले की नाही, पता नहीं. परवापासून स्विच ऑफ."

"मग हे खाली का नाही सांगितलंस?"

"अंकल विचारत होते का?" इन्शानं ओढणी डोक्यावर ओढली. "ते सांगत होते. मी कुणाशी बोलते ते त्यांना आधीच माहीत होतं."

प्रणालीनं जरा वेळ शेवया मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "माझे बाबा पण तिकडेच आहेत. कुठे ते सांगत नाहीत. त्यांचाही बंदच लागतो."

"तुझे बाबा अम्मीला भेटले तर?"

"तर काय होईल?"

"पहिलं तर अम्मी त्यांना जेवायला बसवेल. बंदूक दाराबाहेर, बूट दाराबाहेर. मग म्हणेल, इतका बारीक फौजी? तुला घरी खायला घालत नाहीत का?"

बाबांची ढेरी आठवून प्रणालीला इतकं हसू आलं की ती मागे टाकीवर आपटली. इन्शाही हसली. दोघी पोट धरून हसत होत्या, तेवढ्यात टण्ण असा आवाज आला.

आणि परत. टण्ण! टण्ण!

शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पत्र्याच्या टाकीवर एक लठ्ठ माकड बसलं होतं. त्याच्या हातात काहीतरी होतं. ते आधी चावून बघायचं, मग टाकीवर बडवायचं, मग परत चावायचं. उन्हात ती वस्तू चमकली. वाकडी, लोखंडी, टोकाला लाकडी मूठ.

"दीदी," प्रणाली कुजबुजली, "ते हँडल आहे."

"अगं बाई!" इन्शा उडालीच.

जयपूरच्या माकडांशी भांडून उपयोग नसतो, सौदा करावा लागतो. इन्शा धावत खाली गेली आणि केळी घेऊन आली. पहिलं केळं माकडानं झेललं आणि हँडल काखेत मारलं. दुसरंही झेललं. तिसरं मात्र प्रणालीनं मुद्दाम उंच फेकलं. ते पकडायला दोन्ही हात लागले, आणि हँडल खणकन दोन गच्च्यांच्या मधल्या कठड्यावर पडलं.

प्रणालीनं ते उचललं आणि अख्ख्या वैशाली नगराला ऐकू जाईल अशी किंचाळली, "सापडलंऽऽ!"

५

दोन मिनिटांत सगळे वर. मोनाली वहिनी बाळासकट, कौस्तुभ कानातल्या कापसासकट. गुलाबराव धापा टाकत आले. प्रणालीनं एखाद्या ट्रॉफीसारखं हँडल त्यांच्या हाती दिलं आणि इन्शाकडे बघून डोळा मारला.

गुलाबराव अंधाऱ्या खोलीत शिरले. खडखड आवाज आला. परत खडखड. मग शांतता. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून प्रणालीचं हसू विरलं.

"बसत न्हाय," ते म्हणाले. "भोक लहान हाय. आन् माझ्याला लाल रंग होता. हे माझं हँडलच न्हाय!"

प्रणालीला वाटलं, आपण गच्चीवरून खाली पडतोय. एक हँडल हरवलं होतं. एक हँडल सापडलं होतं. आणि ही दोन वेगळी हँडलं होती!

"मला तर वाटतंय," गुलाबराव इन्शाकडे बघून सावकाश म्हणाले, "हे दुसरं कुणीतरी मुद्दाम ठेवलं. आपली दिशाभूल करायला."

"माकडाच्या हातात?" कौस्तुभ म्हणाला. "माकडाला ट्रेनिंग दिलं का तिनं?"

"तू गप रे! आंघोळ केलीस का?"

बाकीचे हसले, पण प्रणालीचं लक्ष नव्हतं. तिनं हँडल गुलाबरावांकडून परत घेतलं होतं आणि त्याच्याकडे टक लावून बघत होती. लाकडी मूठ सगळीकडून कुरतडलेली. पण लोखंड जिथे वाकतं त्या खाचेत काहीतरी पांढरट, वाळून कडक झालेलं चिकटलं होतं. तिनं ते नखानं खरवडलं. बोटावर घेऊन वास घेतला. मग सगळ्यांसमोर जिभेला लावलं.

"शी!" मोनाली वहिनी म्हणाल्या.

"मीठ आहे," प्रणाली म्हणाली. "रवा आणि मीठ."

माकड नुसतं लोखंड कशाला उचलेल? ते उचलतं खायची वस्तू. पीठ माखलेलं हँडल! आणि या बिल्डिंगीत पीठ माखलेलं हँडल एकाच गोष्टीचं असू शकतं. पण ते तर सकाळीच गेलं होतं. तिच्या डोक्यात स्वयंपाकघरातला एक आवाज घुमला: सगळं डब्यात भरलं, हँडल घातलं, सुतळीनं आवळून बांधलं.

प्रणाली गर्रकन वळली. "काकू! शेवयांच्या मशीनचं हँडल हे माझ्या हातात आहे. मग तुम्ही सकाळी डब्यात घातलंत ते हँडल कुठून घेतलंत?"

"खोलीतून," काकू म्हणाल्या. "अंधारात चाचपडत होते, हाताला लागलं. भिंतीवर..." त्यांचा हात आपोआप वर गेला, हवेतल्या खिळ्यापर्यंत, आणि तिथेच थांबला. "अगं बाई."

६

"तर झालं असं!" प्रणाली टाकीच्या चौथऱ्यावर चढली. खरं तर चढायची काही गरज नव्हती, पण असे क्षण रोज येत नाहीत. "आईनं मशीन धुतलं. पण हँडल? आई, हँडल धुतलंस का तू?"

मालननं कपाळावर हात मारला. "पिठानं बरबटलं होतं म्हणून कठड्यावर वेगळं ठेवलं. म्हटलं, मागनं धुते. तेवढ्यात हॉर्न वाजला आन् मी चहाच्या नादात विसरले की गं!"

"आई खाली गेली आणि माकडं आली. कौस्तुभदादानं ऐकलीत. एका माकडानं ते पिठाचं हँडल चाटायला पळवलं. मग काकू वर आल्या. मशीन आहे, हँडल दिसत नाही. म्हणून खोलीत चाचपलं, खिळ्यावरचं हँडल हाताला लागलं. आपलंच समजून बांधलं आणि सतीशकाकांच्या स्कूटरवर बसवून दिलं प्रताप नगरला. चोर कुणीच नाही! मतलब असलाच तर तो शेजारच्या टाकीवर केळी खातोय."

"हे सगळं तुझं डोकं चालतंय," गुलाबराव म्हणाले, पण आवाज आता एका जिल्ह्यापुरताच उरला होता. "पुरावा?"

प्रणालीनं रेंजच्या कोपऱ्यात उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर अमिता मावशी उगवली, केसांना मेंदी लावलेली.

"मावशी, मशीनचा डबा उघडलास का?"

"छे गं, उद्या पहाटे बसणारे मी. का? काय झालं? आणि ही एवढी माणसं का बघतायत मला? मेंदी आहे माझी!"

"आत्ता उघड. प्लीज. फोन समोर ठेवून."

सुतळी सुटायला जन्म गेला. डब्याचं झाकण निघालं, जुनं लुगडं निघालं. सगळी बिल्डिंग त्या एवढ्याशा पडद्यावर वाकली होती, गुलाबराव सगळ्यात पुढे. मग अमिता मावशीनं हात वर केला. हातात एक लांबलचक, लालभडक हँडल.

"अगं मालन," ती म्हणाली, "मशीन रंगवून घेतलंस का काय? आणि इतकं मोठं हँडल? यानं शेवया करायच्या का विहीर उपसायची?"

गच्चीवर असा काही हशा पिकला की माकडंसुद्धा पळाली. मोनाली वहिनी हसता हसता रडायला लागल्या. मालन खाली बसली. कौस्तुभ म्हणाला, "या केसवर मी परीक्षेत निबंध लिहीन." पडद्यावर अमिता मावशीच्या मागून सतीशकाका ओरडले की ते लगेच स्कूटर काढतायत, ड्रिलच्या आत पोचवतात.

फक्त गुलाबराव हसत नव्हते. ते आपण डकवलेल्या काळ्या कागदाकडे बघत होते.

"सुभेदारकाका," प्रणाली चौथऱ्यावरून उतरली. इथे तिला आवाज खाली आणावा लागला नाही, तो आपोआप खाली आला. "अंधार तुम्ही केलात. हात काकूंचा गेला. विसरली माझी आई. आणि सामान कुणी बांधलं?"

सगळ्यांनी इन्शाकडे बघितलं. सकाळी जसं बघितलं होतं तसं नाही. आता कुणाचीच नजर तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हती.

काकू पुढे झाल्या. साडीला अजून पीठ होतं. त्यांनी इन्शाचा हात धरला, पण बोलल्या बिल्डिंगशी. "हिची हमी मी घेते. सकाळी हँडल सापडायच्या आधी घ्यायला हवी होती. आता घेऊन काय मोठेपणा? तरी घेते. उद्या पुन्हा काही हरवलं तरी घेते." मग त्या इन्शाकडे वळल्या. "खोली तुझीच आहे गं. चल."

"काकू, तुम्हाला माफ केलं," इन्शा म्हणाली. "मी रागावले तर मला शेवया कोण देणार? पण राहायचं की नाही, ते मी अजून ठरवलं नाही."

आणि ती खाली निघाली. सगळी वरात तिच्या मागे. खाली गेटपाशी तिनं आधीच उतरवून ठेवलेली बॅग उभी होती, रिक्षाही येऊन थांबली होती. गुलाबराव रांगेतून पुढे आले. त्यांनी टोपी काढली, परत घातली, परत काढली.

"पोरी," ते म्हणाले, "माझा पोरगा संकल्प तिकडं हाय. फोन लागत न्हाय त्याचा. म्हणून रोज तो भोंगा फिरवत बसतो. हात तरी चालू राहत्यात." त्यांनी टोपी खिशात कोंबली. "पण ते काय कारण न्हाय. चुकलं माझं."

इन्शा त्यांच्याकडे वळली. "माझाही लागत नाही, अंकल. उद्या सकाळी या वर. टाकीच्या कोपऱ्यात रेंज येते. तुम्ही संकल्पभैयाला लावा, मी अम्मीला लावते, प्रणाली बाबांना. रांगेत."

"मग ही बॅग?"

"ही बॅग खाली तुमच्यामुळे आली."

गुलाबराव काय समजायचं ते समजले. त्यांनी रिक्षावाल्याला "जाओ भाई, सवारी कॅन्सल" म्हणून परत धाडलं, धोतर खोचल्यासारखी पँट वर ओढली आणि बॅग उचलली. पहिल्याच पायरीवर त्यांचे डोळे बाहेर आले.

"काय भरलंय गं यात? दगड?"

"फार्मसी."

"लई जड विद्या हाय बाबा!"

पहिल्या मजल्यावर ते थांबले आणि घाम पुसला. दुसऱ्यावर कौस्तुभ "देऊ का हात?" म्हणाला तर त्याच्यावर खेकसले. प्रणाली मागून प्रत्येक जिन्याला "लेफ्ट, राइट, लेफ्ट" करत होती आणि मोनाली वहिनींचं बाळ त्या तालावर हात हलवत होतं. तिसऱ्या मजल्यावर काकूंच्या दारात त्यांनी बॅग धप्पकन ठेवली, भिंतीला टेकले आणि कमरेवर हात ठेवून विजयी वीरासारखे हसले.

इन्शानं दार उघडलं. बॅग आत ढकलली. मग मागे वळून अगदी गोड आवाजात म्हणाली,

"शुक्रिया, अंकल. अजून दोन आहेत खाली."